आमदारांनी विधानसभेत विचारायचा प्रश्न गावात कसा तयार करावा

मी आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचं दप्तर सांभाळते. मालवण-देवगड पट्ट्यातला आमचा किनारा. डिझेलच्या नोंदी, परवान्यांची नूतनीकरणं, सभासदांच्या तक्रारी हे रोजचं काम. त्यातूनच किनाऱ्याचे प्रश्न आमदारांपर्यंत पोचवायचं कामही माझ्याकडे आलं. आता आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, "ताई, अमुक विषय विधानसभेत मांडायला सांगायचाय, काय करू?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढते.

बहुतेक गावांतली रीत अशी. आमदार एखाद्या लग्नाला नाहीतर कबड्डीच्या सामन्यांना येतात, चार जण पुढे होऊन निवेदन देतात, फोटो निघतो, निवेदन गाडीत जातं. त्या एकाच कागदावर रस्ता, नळपाणी, बंधारा, डिझेल परतावा (मच्छीमारांना डिझेलवर सरकारकडून परत मिळणारे पैसे), स्मशानशेड सगळं असतं. त्यावरून सभागृहाचा प्रश्न होत नाही. आमदारांच्या मनात असलं तरी होत नाही, कारण प्रश्नाला एकच विषय लागतो, जागा लागते, तारीख लागते आणि ज्याला उत्तर द्यायचं त्या खात्याचं नाव लागतं.

उत्तर कोण लिहितं

आमच्या वाडीत एक निवृत्त कारकून काका आहेत, आयुष्य सरकारी कचेरीत गेलेलं. त्यांनी मला पहिल्याच वेळी सांगितलं होतं, "प्रश्न आमदार इचारतत, पण जबाब कोण लिवता ता बघ." पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

विधानमंडळ सचिवालयाने प्रश्न स्वीकारला की तो मंत्रालयात त्या विभागाच्या कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या टेबलाकडे जातो. तिथून आयुक्तालयाकडे किंवा मुख्य अभियंत्यांकडे, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला. वर ठळक अक्षरात 'विधानसभा तारांकित प्रश्न, अत्यंत तातडीचे' असं लिहिलेलं असतं. ज्या टेबलावर आपला अर्ज पडून होता, तिथलाच माणूस फाइल उघडतो आणि उत्तराचा पहिला मसुदा करतो. तो मसुदा जिल्ह्यात तपासला जातो, मंत्रालयात त्याची भाषा घोटली जाते, आणि शेवटी तो मंत्र्यांच्या हातात जातो. मंत्री सभागृहात जे वाचतात त्याची मूळ माहिती आपल्या तालुक्यातून गेलेली असते.

म्हणून प्रश्न मुंबईला जायच्या आधी आपला कागद तालुक्याच्या त्या फाइलमध्ये असला पाहिजे. अर्ज द्या, पोच घ्या. पोचेवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हे तिन्ही दिसले पाहिजेत. "ठेवून जा, साहेब आले की देतो" असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा, शिक्का मारून घ्या. ईमेल केला असेल तर त्याचीही छापील प्रत काढून आवक करून घ्या. शेजारच्या एका गावातल्या खचलेल्या बंधाऱ्याबद्दल प्रश्न विचारला गेला, तेव्हा उत्तरात 'अशी तक्रार प्राप्त नाही' एवढंच आलं. गावकरी त्या कचेरीत अनेकदा जाऊन आले होते, पण सगळं तोंडी. लोकांचा संताप खरा होता आणि त्यांच्या हातात एकही शिक्का नव्हता. मला त्या उत्तराचा आजही राग येतो, कारण ज्यांच्या अंगणात पाणी येत होतं त्यांना सरकारच्या लेखी तक्रारच नव्हती.

अर्जासोबत ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर फार चांगलं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा असतातच. ठरावात जागेचं नाव, गट नंबर, घटनेचा महिना लिहून घ्या. 'समुद्राच्या आक्रमणामुळे ग्रामस्थ त्रस्त आहेत' एवढ्याच वाक्याचा ठराव उपयोगाचा नाही.

खातं ओळखा

इथे सगळ्यात जास्त गावं अडकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. समुद्राकडेची दगडी भिंत आणि खाडीकडेचा मातीचा बांध दोन्हींना आपण बंधारा म्हणतो, पण सरकारात त्यांची घरं वेगळी आहेत. समुद्राकडेचा धूपप्रतिबंधक बंधारा पत्तन विभागाकडे, म्हणजे वर बंदरे खात्याकडे. भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून खाडीला घातलेला बांध खारभूमी विकास खात्याकडे. मासे उतरवायची जेटी असेल तर मत्स्यव्यवसाय, प्रवासी जेटी असेल तर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड. आणि काम मंजूर असूनही सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या परवानगीसाठी थांबलं असेल तर गाठ पर्यावरण विभागाशी. एकाच गावात या पाचही गोष्टी असू शकतात. चुकीच्या मंत्र्यांच्या नावे प्रश्न गेला तर तो दुसऱ्या विभागाकडे वळवण्यातच अधिवेशन संपतं. कामाच्या जागी फलक असेल तर त्यावर कार्यालयाचं नाव असतं, तेच धरा. फलक नसेल तर ग्रामपंचायतीतून लेखी विचारून घ्या.

काही विषय राज्याचे नसतातच. कोकण रेल्वेच्या गाडीला थांबा मिळावा हे विधानसभेत विचारून हाती फारसं लागत नाही, त्यासाठी खासदार आणि संसद. राष्ट्रीय महामार्ग ६६ चा मामला मधला आहे. महामार्ग केंद्राचा, पण पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूरपासून झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. त्यामुळे कणकवलीच्या किंवा लांज्याच्या भागाबद्दल राज्याच्या मंत्र्यांना विचारता येतं, फक्त प्रश्नात 'राज्याच्या यंत्रणेमार्फत सुरू असलेलं काम' हे स्पष्ट हवं. आपल्या राज्यमार्गांवरच्या जुन्या पुलांचं तसं नाही. तिथे थेट विचारा की शेवटची संरचनात्मक तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि अहवालात काय शिफारस होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल माणसांसकट वाहून गेला. त्यानंतर कोकणात कुणालाही हा प्रश्न क्षुल्लक वाटू नये.

समुद्राची हद्द हा आम्हा मच्छीमारांचा कायमचा विषय. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, त्यापुढे केंद्राचा. एलईडी दिव्यांवरची मासेमारी केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केली, आणि राज्याकडे १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे, ज्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढले. पण 'आमच्या समुद्रात एलईडीवाले राजरोस मासेमारी करतात' असं विचारलं की उत्तर येतं, सदर नौका राज्याच्या हद्दीबाहेर होत्या. म्हणून जागा सांगावी लागते. आमचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आता रात्री दिवे दिसले की आधी आपल्या जीपीएसच्या पडद्याचा फोटो काढतात, त्यावर अक्षांश-रेखांश आणि वेळ दिसते, मग दिव्यांचा. नुसत्या दिव्यांच्या फोटोवरून कोणता समुद्र हे कळत नाही. सोबत किती वाव (खोली मोजायचं माप) पाणी होतं ते वहीत लिहून ठेवतात. दुसऱ्या दिवशी तो तपशील मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्यांकडे आवक होतो. नौकेचा नंबर दिसला असेल तर तो त्या तक्रारीत द्यावा, विधानसभेच्या प्रश्नात घालू नये. प्रश्न छापला जातो, सगळ्यांच्या हाती जातो, आणि आपल्या माणसांना त्याच बंदरात राहायचं असतं.

प्रश्नाचे प्रकार

तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर. लोकांना तारांकितच हवा असतो, पण प्रश्नोत्तराचा तास एका तासाचा, त्यात वरचे थोडे प्रश्न चर्चेला येतात आणि बाकीच्यांची उत्तरं छापील स्वरूपात पटलावर जातात. त्यामुळे ज्या विषयात आकडे काढून घ्यायचे आहेत तिथे मी अतारांकित प्रश्नच मागते. त्यात सविस्तर माहिती मागता येते आणि ती कागदावर येते.

अचानक घडलेल्या गंभीर गोष्टीसाठी लक्षवेधी सूचना आहे, विधानसभेच्या नियम १०५ खाली. उधाणाने वस्ती वाहून गेली, तेलगळती झाली, असं काही. तिथे मंत्री निवेदन करतात आणि सदस्य खुलासा विचारतात. आधी मिळालेलं उत्तर अपुरं असेल तर अर्धा तास चर्चा मागता येते. पैशाचा विषय असेल तर अर्थसंकल्पीय अधिवेशनात मागण्यांवरची कपात सूचना, म्हणजे खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा असं सुचवून विषय मांडणं. सामान्य गावाच्या कामाला तारांकित आणि अतारांकित हे दोनच पुरतात.

मसुदा कसा लिहायचा

समजा एखाद्या गावाचा बंधारा खचलाय. गावकऱ्यांचं म्हणणं असतं, "समुद्र घरात येतो, सरकार झोपलंय का, बंधारा कधी देणार?" त्यातलं दुःख शंभर टक्के खरं. पण प्रश्नात आरोप, टोमणा, तर्क, मत चालत नाही, असा प्रश्न सचिवालयात नामंजूर होतो. न्यायालयात असलेलं प्रकरणही चालत नाही. तोच विषय प्रश्नाच्या साच्यात असा बसतो:

"सन्माननीय बंदरे मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-
(१) मौजे अमुक (ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग) येथील धूपप्रतिबंधक बंधारा माहे जुलै, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान उधाणामुळे खचला असून लगतच्या घरांना धोका निर्माण झाला आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, सदर बंधाऱ्याच्या दुरुस्तीबाबत ग्रामपंचायतीने संबंधित कार्यालयास माहे ऑगस्ट, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान निवेदन दिले आहे, हे ही खरे आहे काय;
(३) असल्यास, उक्त बंधाऱ्याची पाहणी करण्यात आली आहे काय, पाहणीत काय आढळून आले व त्यानुसार अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता व निधीबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?"

ही भाषा कोरडी वाटेल, पण तिच्यातला एकेक शब्द कामाचा आहे. 'वा त्यादरम्यान' हे दोन शब्द विसरू नका. बंधारा ३० जुलैला खचला आणि प्रश्नात चुकून ऑगस्ट पडला, तर 'हे खरे नाही' असं लिहायला वाट मिळते आणि खालची तिन्ही उत्तरं 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणून मिटतात. पहिला भाग म्हणजे साऱ्या प्रश्नाचा पाया. तिथे एकच गोष्ट ठेवा, जी कचेरीला नाकारता येणार नाही. 'बंधारा निकृष्ट बांधल्यामुळे खचला' असं घातलंत तर निकृष्ट हा शब्द धरून सगळंच नाकारलं जाईल. खचला, एवढंच विचारा. का खचला ते पाहणीतून निघू द्या.

दुसऱ्या भागात आपल्या आवक क्रमांकाचा उपयोग होतो. प्रत्यक्ष क्रमांक प्रश्नात घालायचा नाही, तो सोबतच्या कागदांत असतो. तिसऱ्या भागात टप्पे वेगवेगळे विचारलेत: पाहणी, अंदाजपत्रक, मान्यता, निधी. नुसतं 'कोणती कार्यवाही केली' असं विचारलं तर मोठ्या आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यातून तारली मासळी निसटावी तसं उत्तर निसटतं, 'आवश्यक कार्यवाही करण्यात येत आहे' म्हणून.

आकड्यांच्या प्रश्नाला आणखी एक काळजी. एलईडी किंवा परप्रांतीय नौकांबद्दल 'किती दंड केला' एवढंच विचारू नका. किती नौकांवर कारवाई झाली, त्यातल्या किती प्रकरणांचा अभिनिर्णय (सुनावणी होऊन निकाल) झाला, दंड किती ठोठावला आणि प्रत्यक्षात वसूल किती झाला, हे चार आकडे वेगळे मागा, जिल्हावार आणि वर्षवार. २०२१ च्या दुरुस्तीनंतर या सुनावण्या तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आल्या, त्यामुळे हे चारही आकडे एकाच खात्यात मिळतात. डिझेल परताव्याचंही तसंच. मागणी किती, मंजूर किती, संस्थांच्या खात्यात जमा किती, आणि कोणत्या महिन्यापर्यंतचा. ठोठावलेला आणि वसूल, मंजूर आणि जमा यांच्या मधल्या फटीतच आमच्या लोकांचे पैसे आणि धीर दोन्ही जातात.

कुणाकडे द्यायचा, कधी द्यायचा

आपल्या मतदारसंघाचे आमदार हा पहिला दरवाजा. सिंधुदुर्गात विधानसभेच्या जागा तीन, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. रत्नागिरीत पाच, रायगडात सात. मालवण कुडाळ मतदारसंघात येतं आणि देवगड कणकवलीत, हे शेजारच्या गावांनाही पुष्कळदा माहीत नसतं. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारू शकत नाहीत. त्यांच्याकडे काम थेट सांगा, आणि प्रश्नासाठी दुसरा सदस्य बघा. कोणताही आमदार राज्यातल्या कुठल्याही गावाचा प्रश्न विचारू शकतो. विधान परिषदेत कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघांचे सदस्य असतात, त्यांच्याकडे फार कमी मच्छीमार जातात, मात्र जावं. एकाच प्रश्नावर चार-पाच सदस्यांची नावं असली तर चांगलंच. सत्ताधारी आमदारांनी प्रश्न विचारणं म्हणजे सरकारविरोधात जाणं अशी समजूत गावात असते. तसं काही नाही, ते त्यांचं रोजचं काम आहे, आणि मागताना संकोच करू नये.

कागद द्यायचा तो स्वीय सहायकांकडे, संपर्क कार्यालयात. टाइप केलेला, एक पान, युनिकोडमध्ये, म्हणजे त्यांना तो थेट चिकटवता येतो. हाताने लिहिलेल्या अर्जाचा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर त्यांना सगळं पुन्हा टाइप करायचं असतं, आणि त्यांच्याकडे पूर्ण मतदारसंघाचे कागद असतात. सोबत पोच, ठराव आणि तारखेसह दोन फोटो, कागदांना १, २, ३ क्रमांक घालून. याहून जास्त देऊ नका.

वेळ चुकली तर सगळं वाया. प्रश्न देण्याच्या तारखा सचिवालय अधिवेशनाच्या पुष्कळ आधी जाहीर करतं, आणि त्या अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच संपतात. अधिवेशन बसल्यावर टीव्ही बघून धावत गेलात तर तारांकित प्रश्नाला उशीर झालेला असतो. अर्थसंकल्पीय अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाळी जून-जुलैमध्ये, हिवाळी डिसेंबरात नागपूरला, हा साधारण क्रम धरा आणि स्वीय सहायकांना महिना-दीड महिना आधी फोन करून तारीख विचारा.

आपल्याकडच्या हंगामाशी हे जुळवून घेता येतं. शिमग्याला मुंबईकर घरी आलेले असतात, पालखी घराघरांत फिरते, अख्खी वाडी एकत्र असते. तेव्हा सह्या आणि ठरावाची तयारी करा आणि ती पावसाळी अधिवेशनाला वापरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्या दिवसांत तांडेलांच्या वह्या बघून मागच्या हंगामाचे तपशील लिहून काढा, ते नागपूरला लागतात. बंधाऱ्याचे फोटो मात्र आषाढातल्या उधाणातच काढा. मे महिन्यातल्या शांत समुद्राच्या फोटोवरून कुणाला काही पटत नाही.

ज्या दिवशी प्रश्न लागतो

खात्यांचे वार ठरलेले असतात. आपला प्रश्न कोणत्या दिवशीच्या यादीत आहे ते स्वीय सहायक सांगतात, विधानमंडळाच्या संकेतस्थळावरही याद्या येतात. त्या सकाळी छापील उत्तर आमदारांच्या हातात पडतं. ते लगेच मागवून घ्या. एकदा एका बंधाऱ्याच्या उत्तरात 'काम प्रगतीपथावर आहे' असं आलं. मी वाडीतल्या एका मुलाला फोन केला. ओहोटी होती, तो खडकांवरून चालत जागेवर गेला आणि तारीख, वेळ, ठिकाण दिसेल असा फोटो पाठवला. दगडांवर शेवाळ चढलेलं, यंत्र नाही, माणूस नाही. प्रश्नोत्तराचा तास सुरू व्हायच्या आत तो फोटो आमदारांच्या मोबाइलवर होता. त्यांनी उभं राहून एवढंच विचारलं, आज जागेवर किती मजूर आहेत? मंत्री माहिती घेऊन सांगतो म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी अभियंते बंधाऱ्यावर आले. त्या दिवशी आमच्या बायकांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्यासाठी मी हे काम करते.

उपप्रश्नांची एक चिठ्ठी आधीच देऊन ठेवा. तीन प्रश्न, एकेका ओळीचे, ज्यांचं उत्तर तारीख, आकडा किंवा हो-नाही असंच येईल. कार्यारंभ आदेश कधी? मुदत कधी संपली? पावसाआधी पूर्ण होणार का? आमदारांना त्या तासात लांब वाचायला वेळ नसतो.

उत्तर कसं वाचायचं

'हे खरे आहे' आलं तर अर्धी लढाई जिंकलीत, ते पान जपून ठेवा. 'हे अंशतः खरे आहे' हे मला त्याहून आवडतं, कारण पुढे कोणता अंश खरा ते लिहावं लागतं आणि त्यात पुष्कळ माहिती सुटून येते. 'प्रस्ताव विचाराधीन आहे' म्हणजे प्रस्ताव निदान लिहिला गेलाय, तो कोणत्या टेबलावर आहे ते शोधा. 'निधीच्या उपलब्धतेनुसार' असं असेल तर पुढची पायरी अर्थसंकल्पीय अधिवेशन आणि जिल्हा नियोजन समिती, तिथे पालकमंत्री अध्यक्ष असतात. 'बैठक घेण्यात येईल' असं आलं तर आमदारांनी तिथेच तारीख मागून घ्यावी. नंतर बैठकीचं इतिवृत्त मागा. इतिवृत्ताशिवाय झालेली बैठक पुढे कुणी मानत नाही.

'हे खरे नाही' आलं आणि तुमच्याकडे पोच असेल, तर घाबरू नका. पोचेची प्रत आमदारांना द्या. सभागृहाला चुकीची माहिती देणं ही गंभीर बाब आहे, आमदार अध्यक्षांकडे ते लेखी मांडू शकतात. कचेरीला हे पक्कं माहीत असतं, म्हणूनच शिक्का इतका मोलाचा.

उत्तर मिळाल्यावर

सभागृहात मंजूर झालं आणि जमिनीवर आलं नाही, हे कोकणाने फार जुन्या काळापासून पाहिलंय. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी चवदार तळ्याचं पाणी माणसांच्या ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा. खोतीचंही, म्हणजे खोतांकडून कुळांकडून सारा वसूल करायच्या जुन्या पद्धतीचंही तेच. बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधानसभेत मांडलं, पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईत धडकले, आणि कायदा झाला १९४९ मध्ये. आत बोलणारा आणि बाहेर धरून ठेवणारे, दोघंही लागतात.

म्हणून उत्तराची प्रत ग्रामसभेत मोठ्याने वाचा. त्यातलं 'करण्यात येईल', 'पूर्ण करू', 'चौकशी करू' असं प्रत्येक वाक्य वेगळं काढा. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जातात, ती पूर्ण झाली की नाही हे समिती बघते. आपलं आश्वासन तिथे नोंदलं गेलंय का ते आमदारांमार्फत विचारून घ्या. दुसरीकडे त्याच कचेरीत माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. प्रश्न क्रमांक आणि तारीख देऊन मागा: या उत्तरासाठी कार्यालयाने वर पाठवलेल्या अहवालाची प्रत, आणि उत्तरानंतर झालेल्या कार्यवाहीची कागदपत्रं. ३० दिवसांत मिळालं नाही तर प्रथम अपील करा. खालून वर गेलेला अहवाल आणि वरून वाचलेलं उत्तर शेजारी ठेवले की कुठे काय गळलं ते दिसतं.

तरीही काम हललं नाही तर पुढच्या अधिवेशनाला नवा प्रश्न. त्याचा पहिला भाग असा सुरू करा: 'अमुक बंधाऱ्याबाबत दिनांक अमुक रोजीच्या तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात दुरुस्तीचे काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करण्यात येईल असे सांगण्यात आले होते, हे खरे आहे काय'. उत्तर त्यांच्याच छापील पानावर असतं, त्यामुळे या वेळी पहिल्या भागाला 'हे खरे आहे' याशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही, आणि मग पुढच्या तिन्ही भागांना उत्तर द्यावंच लागतं.